जुनी पगारातली तफावत आणि लेडबेटर कायदा: आता तक्रार करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका आयटी कंपनीत चार वर्षांपासून सीनियर डेव्हलपर, एच-१बी व्हिसावर. हुद्दा तोच, टीम तीच, अनुभवही जवळपास तेवढाच, पण पुरुष सहकाऱ्याला महिन्याला सुमारे १,५०० डॉलर जास्त मिळतात, हे दोन महिन्यांपूर्वी कळलं. तफावत रुजू होतानाच पडलेली. एक जण म्हणतो, ‘तक्रारीची ३०० दिवसांची मुदत केव्हाच उलटली.’ दुसरा म्हणतो, ‘लेडबेटर आहे ना, मग कसली काळजी?’ खरं काय? आणि पुण्यात त्याच कंपनीत काम करणाऱ्या बहिणीला यातलं काही लागू होतं का?

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. तुमची मुदत गेलेली नाही, आणि ती लेडबेटर कायद्यामुळेच गेलेली नाही. पगारातल्या भेदभावाच्या तक्रारीची मुदत कशी मोजायची, हे सांगणारा हा अमेरिकेचा २००९ चा कायदा. पण तो कायदा फक्त तक्रारीची खिडकी उघडी ठेवतो. भेदभाव झाला हे सिद्ध करून देत नाही, आणि चार वर्षांची थकबाकीही मिळवून देत नाही. जास्त पैसे आणि सोपा पुरावा हवा असेल तर तुमच्या बाबतीत दुसरे दोन कायदे अधिक कामाचे आहेत. ज्यांच्या नावाचा हा कायदा आहे, त्या लिली लेडबेटरबाईंच्या खटल्यातही कायद्याची ही निवडच महागात पडली होती, म्हणून आधी तो खटला नीट समजून घ्या.

लेडबेटर १९७९ मध्ये अलाबामातल्या गॅड्सडेन इथल्या गुडइयरच्या टायर कारखान्यात लागल्या आणि १९९८ मध्ये निवृत्त झाल्या. त्यातला बहुतेक काळ त्या एरिया मॅनेजर होत्या, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्या पगारी अधिकारी. सुरुवातीला त्यांचा पगार पुरुषांच्या बरोबरीचा होता. नंतर दरवर्षीच्या मूल्यमापनावर वाढ ठरत गेली आणि त्या हळूहळू मागे पडल्या. १९९७ च्या अखेरीस एरिया मॅनेजरांमध्ये त्या एकट्याच बाई उरल्या होत्या. त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळत. त्याच हुद्द्यावरच्या सर्वांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६ आणि सर्वांत जास्त पगाराच्या पुरुषाला ५,२३६. म्हणजे तळातला पुरुषही त्यांच्यापेक्षा १५ टक्के वर. कारखान्यात पगाराबद्दल बोलण्याची मुभा नव्हती. आकडे कुणीतरी निनावी चिठ्ठीवर लिहून ठेवले, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

मार्च १९९८ मध्ये त्यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे प्रश्नावली भरून दिली, जुलैत औपचारिक तक्रार केली आणि पुढच्या वर्षी फेडरल न्यायालयात दावा लावला. ज्यूरीने एकूण ३५ लाख डॉलरांहून जास्त भरपाई दिली. न्यायाधीशांनी ती ३,६०,००० वर आणली, कारण मानसिक त्रासाची आणि दंडात्मक भरपाई मिळून कायद्याने ३ लाखांच्या वर देता येत नाही. उरलेले ६०,००० थकबाकीचे. अपिलात ही सगळीच रक्कम गेली. २९ मे २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी अपिलाचा निकाल कायम केला.

बहुमताचा निकाल न्या. सॅम्युएल अलिटो यांचा. त्यांचं म्हणणं असं: भेदभावाचा निर्णय ज्या दिवशी झाला त्या दिवसापासून १८० दिवसांत तक्रार व्हायला हवी (अलाबामात राज्याची स्वतःची यंत्रणा नसल्यामुळे तिथे मुदत १८० दिवसांचीच). नंतरचे पगाराचे चेक हे त्या जुन्या निर्णयाचे निव्वळ परिणाम, नवा भेदभाव नव्हे. असल्या शिळ्या दाव्यांत मालकाला बचाव करणं अवघड जातं, हेही कारण त्यांनी दिलं; ज्या वरिष्ठावर मुख्य आरोप होता तो खटला उभा राहीपर्यंत मरण पावला होता. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत न्यायालयात मोठ्याने वाचून दाखवलं, जे तिथे क्वचित होतं. नोकरीवरून काढलं तर त्याच दिवशी कळतं. पगारातली तफावत थोडीथोडी वाढते आणि सहकाऱ्याचा आकडा लपलेला असतो, हा त्यांचा गाभ्याचा मुद्दा होता. आता काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, लक्ष घालावं, असंही त्यांनी सुचवलं.

काँग्रेसने घातलं, पण लगेच नाही. २००८ मध्ये सिनेटमध्ये विधेयक पुढे नेण्यासाठी लागणारी ६० मतं जमली नाहीत. जानेवारी २००९ मध्ये विधेयक सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६ ने मंजूर झालं आणि २९ जानेवारी २००९ रोजी बराक ओबामांनी त्यावर सही केली. अध्यक्ष म्हणून त्यांनी सही केलेलं हे पहिलं विधेयक. कायदा २८ मे २००७ पासून, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवसापासून लागू धरला गेला. लेडबेटरबाईंना मात्र गुडइयरकडून त्या दाव्याचा एक पैसाही मिळाला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, ८६ व्या वर्षी त्या वारल्या. वकिलांच्या बोलण्यात मात्र ‘हे लेडबेटरमध्ये बसतं का?’ हा प्रश्न रोजचा आहे.

तर त्यात काय बसतं? कायद्याने तीन क्षण मोजायला सांगितले: पगाराबाबतचा भेदभावाचा निर्णय घेतला जातो तो, तो निर्णय तुम्हाला लागू होतो तो, आणि त्या निर्णयानुसार प्रत्येक वेळी पगार, लाभ किंवा अन्य मोबदला दिला जातो तो. तिसऱ्यातच सगळं आहे. चार वर्षांपूर्वी ठरलेला कमी पगार या पंधरवड्याच्या चेकमध्ये अजून येत असेल, तर मुदत या चेकपासून मोजायची. न्यू जर्सीत राज्याचा नागरी हक्क विभाग आहे, त्यामुळे तुम्हाला ३०० दिवस. नोकरी सोडली तर शेवटच्या पगारापासून ३०० दिवस, त्यानंतर घड्याळ थांबवणारं काही नाही. हा नियम लिंगापुरता नाही. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, वय आणि अपंगत्व यांवरून पगारात भेद झाला तरी लागू होतो.

पण थकबाकीला मर्यादा आहे: तक्रार दाखल केल्याच्या तारखेआधीची जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यामुळे ‘प्रत्येक चेकपासून नवी मुदत’ हे ऐकून निवांत बसणं हा पहिला घोटाळा. तुम्ही जितके महिने थांबाल तितके जुने महिने मागून गळतात.

दुसरा घोटाळा बढतीचा. ‘मला लीड केलं नाही म्हणून पगार कमी’ ही तक्रार लेडबेटरमध्ये बसत नाही. २०१० मध्ये बोइंगविरुद्धच्या खटल्यात फिलाडेल्फियाच्या तिसऱ्या सर्किटने, म्हणजे त्या भागाच्या फेडरल अपील न्यायालयाने, ज्याच्या हद्दीत न्यू जर्सी येतं, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या डीसी सर्किटने प्राइसवॉटरहाउसकूपर्सविरुद्धच्या खटल्यात हेच सांगितलं. बढती नाकारणं ही स्वतंत्र घटना. तिची ३०० दिवसांची मुदत त्याच दिवशी सुरू होते, मग पुढे पगारावर कितीही परिणाम होवो. उलट, समान कामासाठी पगारवाढ मागितली आणि कंपनीने उत्तरच दिलं नाही, तर तो पगाराचा निर्णय धरता येतो, असं तिसऱ्याच सर्किटने २००९ मध्ये एका सरकारी कर्मचारी महिलेच्या खटल्यात म्हटलं आहे. म्हणून तक्रारीत शब्द जपून वापरावे लागतात. ‘मला वर घेतलं नाही’ हे एक, ‘त्याच कामाला मला कमी दिले’ हे दुसरं. दोन्ही घडलं असेल तर दोन्ही वेगवेगळं लिहा आणि दोन्हींच्या तारखा द्या.

तिसरा घोटाळा सर्वांत जास्त लोकांना बुडवतो: एचआरकडे तक्रार केली की मुदत थांबते असं समजणं. थांबत नाही. अंतर्गत चौकशी आठ महिने रेंगाळली तर ते आठ महिने तुमच्या खात्यातून गेले. पगार चालू आहे तोवर लेडबेटर सांभाळून घेतो, पण याच काळात बढती नाकारली, बदली केली किंवा कामावरून काढलं, तर त्यांची घड्याळं वेगळी चालू असतात.

आता पुराव्याकडे. लेडबेटर हा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाला, म्हणजे टायटल सेव्हनला जोडलेला आहे. तिथे हेतू दाखवावा लागतो: तुम्ही स्त्री आहात म्हणून पगार कमी ठेवला. कंपनी दुसरं कारण सांगते आणि ते खोटं किंवा बनावट आहे हे तुम्हाला दाखवावं लागतं. कंपनीत किमान १५ माणसं हवीत.

१९६३ च्या इक्वल पे ॲक्टमध्ये हेतू लागत नाही. एकाच आस्थापनेत, भिन्नलिंगी सहकाऱ्याच्या कामाइतकंच काम, म्हणजे कौशल्य, श्रम आणि जबाबदारी जवळजवळ सारखी आणि कामाची परिस्थितीही तशीच, हे दाखवलंत की ओझं कंपनीवर जातं. तिला चारपैकी एक बचाव सिद्ध करावा लागतो: सेवाज्येष्ठता, गुणवत्तेची पद्धत, उत्पादनाचं प्रमाण किंवा दर्जा, नाहीतर लिंगाखेरीज दुसरा एखादा घटक. ईईओसीकडे जाण्याची सक्ती नाही, थेट न्यायालयात जाता येतं. दोन वर्षांची मुदत, कंपनीने जाणूनबुजून केलं असेल तर तीन, आणि थकबाकीइतकीच रक्कम आणखी, म्हणजे दुप्पट. भरपाई टाळण्यासाठी पुरुषाचा पगार खाली आणणंही कंपनीला मना आहे.

लेडबेटरबाईंनी दाव्यात हा कायदाही घातला होता. जिल्हा न्यायालयाने तो भाग सुनावणीआधीच निकाली काढला, आणि त्यांनी तो पुढे लढवला नाही. सर्वोच्च न्यायालयात अलिटो यांनी हे बोट ठेवून दाखवलं: तो दावा जिवंत ठेवला असता तर मुदतीची ही अडचणच आली नसती. मला विचाराल तर या खटल्यातून व्यवहारात घेण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. कायदे एकत्र मांडायचे आणि शेवटपर्यंत एकत्र ओढायचे. यात एक मेख आहे: ईईओसीकडे तक्रार केल्याने इक्वल पे ॲक्टची मुदत थांबत नाही. आयोग दीड वर्ष चौकशी करत बसला, तर या कायद्याखालचे दीड वर्षाचे चेक एकेक करून बाद होतात.

तुमचं खरं हत्यार तिसरं आहे, न्यू जर्सीचा स्वतःचा. २०१८ च्या १ जुलैपासून तिथे लागू झालेला समान वेतन कायदाही एका आडनावाने ओळखला जातो, राज्याच्या माजी सिनेटर डायन ॲलन यांच्या. तो या बाबतीत फेडरल कायद्याच्या बराच पुढे आहे. ‘समान’ कामाऐवजी ‘बऱ्याच अंशी सारखं’ काम पुरतं, आणि तुलना एकाच इमारतीपुरती नसून कंपनीच्या सगळ्या कचेऱ्यांतून करता येते. लिंगाखेरीज राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यातले सगळे संरक्षित गट त्यात येतात. प्रत्येक चेक हा नवा भंग धरला जातो, थकबाकी सहा वर्षांपर्यंत मिळते, आणि ज्यूरीने भंग मान्य केला तर न्यायाधीश रक्कम तिप्पट करतात. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे जायचं तर १८० दिवस, थेट सुपीरियर कोर्टात जायचं तर दोन वर्षं.

आकडा मांडून बघा. महिन्याला १,५०० ची तफावत ४८ महिने टिकली असं धरू. टायटल सेव्हनखाली दोन वर्षांची थकबाकी ३६,०००. त्यावर मानसिक त्रास आणि दंड मिळून कंपनीच्या आकाराप्रमाणे ५०,००० (१५ ते १०० माणसं) ते ३,००,००० (५०० च्या वर) ही कमाल, हमी नव्हे. हे आकडे १९९१ पासून वाढलेले नाहीत. इक्वल पे ॲक्टखाली दोन वर्षांचे ३६,००० दुप्पट होऊन ७२,०००. तीन वर्षं मिळाली तर १,०८,०००. न्यू जर्सीखाली ४८ महिन्यांचे ७२,००० तिप्पट होऊन २,१६,०००. एकाच नुकसानाची भरपाई दोनदा मिळत नाही, तेव्हा हे आकडे एकमेकांत मिळवू नका. जिंकल्यास वकिलाची फी तिन्ही कायद्यांखाली कंपनीकडून मागता येते.

कंपनी काय म्हणेल हेही जवळजवळ ठरलेलं असतं. पहिलं, ‘तो आधीच्या नोकरीत जास्त कमवत होता.’ कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत आहे त्या नवव्या सर्किटने २०२० मध्ये फ्रेझ्नोच्या एका गणित-सल्लागार महिलेच्या खटल्यात सांगितलं की आधीचा पगार हा ‘लिंगाखेरीज दुसरा घटक’ होऊ शकत नाही. इतर सर्किटांत मतभेद आहेत. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२० पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाच बंदी आहे. त्यामुळे तुम्ही रुजू होताना भारतातला पगार विचारून त्यावर ऑफर बेतली असेल, तर ती ईमेल सोन्यासारखी जपा. दुसरं, ‘त्याचं काम वेगळं आहे.’ इथे हुद्द्याचं नाव दोन्ही बाजूंना कामाचं नाही. कोण कुठलं मोड्यूल सांभाळतं, ऑन-कॉल कोण करतं, कोड रिव्ह्यूचा शेवटचा अधिकार कुणाला, हाताखाली किती माणसं, हे बघतात. तिसरं, ‘त्याच टीममधल्या अमुक पुरुषाला तुमच्याहूनही कमी आहे.’ एकाच पुरुषाशी तुलना कायद्याने पुरते, पण हे उत्तर ज्यूरीवर परिणाम करतं. तेव्हा जमेल तितक्या सहकाऱ्यांचे आकडे आधी माहीत करून घ्या.

ते कसे मिळवायचे? विचारून. खासगी कंपनीतल्या बिगर-सुपरवायझर नोकरांना आपसात पगाराबद्दल बोलण्याचा हक्क १९३५ च्या नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्टनेच दिला आहे. ‘पगार गोपनीय ठेवा’ हा कंपनीचा नियम त्यांच्यापुरता बेकायदा ठरतो. सुपरवायझर त्यातून वगळलेले आहेत, म्हणजे खुद्द लेडबेटरबाईंना एरिया मॅनेजर म्हणून याचा उपयोग झाला नसता. न्यू जर्सीच्या कायद्यात पगाराची चर्चा केल्याबद्दल सूड उगवण्याला वेगळी बंदी आहे.

एच-१बीवाल्यांकडे एक साधन असतं जे अमेरिकन नागरिकाकडे नसतं. कंपनीने श्रम खात्याकडे भरलेल्या लेबर कंडिशन ॲप्लिकेशनची, एलसीएची प्रत तुम्हाला कामावर हजर होईपर्यंत मिळायलाच हवी होती. त्यात कंपनीने कबूल केलेलं असतं की ती दोनपैकी जास्त असेल तो पगार देईल: त्या भागातला प्रचलित पगार, किंवा तशाच पात्रतेच्या आणि अनुभवाच्या तिच्या इतर नोकरांना त्याच कामासाठी प्रत्यक्ष दिला जाणारा पगार. हा प्रत्यक्ष पगार कसा ठरवला याचं स्पष्टीकरण कंपनीच्या ‘पब्लिक ॲक्सेस फाइल’मध्ये असतं, आणि ती कुणालाही बघायला मागता येते. शिवाय श्रम खातं सगळ्या एलसीएंची माहिती वेळोवेळी प्रसिद्ध करतं. त्यात कंपनी, हुद्दा, गाव आणि पगार असतो. सहकारीही एच-१बीवर असेल तर तुमच्या दोघांच्या स्तरातला फरक तिथेच दिसू शकतो. एलसीएभंगाची तक्रार डब्ल्यूएच-४ या फॉर्मवर श्रम खात्याच्या वेतन-तास विभागाकडे, १२ महिन्यांच्या आत.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे, विशेषतः आपल्या लोकांत: ‘माझा पगार एलसीएपेक्षा वर आहे, म्हणजे सगळं कायदेशीर.’ प्रचलित पगार ही नुसती तळरेषा. ती ओलांडूनही बाईला पुरुषापेक्षा कमी देता येतं, आणि तोच भेदभाव. पगार कमी असण्याचं कारण तुम्ही भारतीय असणं हे वाटत असेल तर टायटल सेव्हनमध्ये मूळ देशाचा मुद्दा घाला. वंश किंवा वांशिक ओळख असेल तर १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचं कलम १९८१ ही वाट आहे: चार वर्षांची मुदत, भरपाईला कमाल मर्यादा नाही, ईईओसी नाही.

कागद जमवताना सांभाळा. स्वतःच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या), डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि करकपातीचा दाखला), ऑफर लेटर, अप्रेझल, बोनसची पत्रं हे तुमचंच. कंपनीच्या लॅपटॉपवर न ठेवता घरी ठेवा. सहकाऱ्याने आकडा सांगितला तर तारीख, वेळ, कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून काढा. एचआरच्या प्रणालीत चुकून प्रवेश मिळाला म्हणून पेरोल उतरवून घेऊ नका. कंपनी त्याच कारणावरून काढते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. संभाषण ध्वनिमुद्रित करायचं तर न्यू जर्सीत एका पक्षाची संमती पुरते, म्हणजे तुमची स्वतःचीच. कॅलिफोर्नियात खासगी संभाषणाला सगळ्यांची लागते. मॅनेजर तिकडे बसून कॉलवर असेल तर करू नका. रुजू होताना सही केलेले कागद काढून लवादाचं कलम आहे का बघा. असेल तर खटला न्यायालयाऐवजी लवादापुढे जाईल, पण ईईओसीकडे तक्रार करण्यापासून ते कलम अडवू शकत नाही.

मग तक्रार. ईईओसीच्या पब्लिक पोर्टलवर आधी चौकशीअर्ज भरायचा, मग मुलाखतीची वेळ मिळते, मग आयोगाचा माणूस तक्रारीचा मसुदा करतो आणि तुम्ही ऑनलाइन सही करता. चौकशीअर्ज म्हणजे तक्रार नव्हे. मुलाखतीच्या वेळा कधीकधी महिन्यांनी मिळतात. मुदत जवळ असेल तर पोर्टलवर तसं नोंदवा आणि न्यूअर्कच्या कचेरीशी संपर्क साधा. ‘राज्याकडेही दाखल करा’ हे निवडा. भेदभावाच्या तारखांच्या रकान्यात पहिली तारीख रुजू झाल्याची आणि शेवटची ताज्या चेकची घाला, ‘चालू आहे’ या चौकटीवर खूण करा आणि मजकुरात ‘प्रत्येक पगारात’ हे स्पष्ट लिहा. फक्त जुनी तारीख लिहिली की मुदतीचा वाद आपण होऊन ओढवून घेतला.

आयोग दहा दिवसांत कंपनीला कळवतो. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ती फुकट असते आणि ऐच्छिक. कंपनीचं लेखी म्हणणं आलं की त्याची प्रत मागा. त्यात दिलेलं कारण पुढे बदललं तर तो तुमचा सर्वांत भक्कम पुरावा होतो. १८० दिवसांनंतर दावा लावण्याच्या हक्काचं पत्र मागता येतं. ते मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायालयात गेला नाहीत तर टायटल सेव्हनचा दावा संपला. पत्र आता पोर्टलवर येतं, टपालाची वाट बघत बसू नका.

तक्रारीनंतर कंपनीने त्रास दिला तर तो सूड, कायद्याचा स्वतंत्र भंग, स्वतंत्र ३०० दिवस. आधीच्या तक्रारीत दुरुस्ती करून तो जोडून घ्या. मूळ पगाराचा दावा हरूनही सुडाचा दावा जिंकता येतो. व्हिसाचा धोका मात्र खरा आहे: नोकरी गेली तर एच-१बीला जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ ची (देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत आधी संपत असेल तर तोवरच. टायटल सेव्हन तुम्हाला इतरांइतकंच संरक्षण देतं, पण न्यायालय ६० दिवसांत निकाल देत नाही. म्हणून इमिग्रेशनच्या आणि रोजगाराच्या, दोन्ही वकिलांशी तक्रारीच्या आधी बोला. कंपनीचा इमिग्रेशन वकील तुमचा नव्हे. आणि नोकरी सोडताना सेव्हरन्सच्या, म्हणजे जाताना कंपनी देते त्या रकमेच्या, बदल्यात सगळे दावे सोडल्याचा कागद पुढे येईल. त्यावर सही केलीत तर वर लिहिलेल्यातलं जवळजवळ काही उरत नाही.

आता पुण्यातल्या बहिणीबद्दल. टायटल सेव्हन परदेशात लागू होतं ते अमेरिकन कंपनीतल्या अमेरिकन नागरिकांना. ती भारतीय नागरिक असेल तर लेडबेटर तिच्या कामाचा नाही, आणि न्यू जर्सीच्या पगाराशी तुलनाही चालणार नाही. तिच्यासाठी भारतीय कायदा आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कलम ३ प्रमाणे एकाच मालकाकडे, त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करता येत नाही. संहितेतल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी लोकही येतात, त्यामुळे ‘आयटीतल्यांना कामगार कायदे लागू नाहीत’ हे उत्तर इथे चालत नाही. दावा तीन वर्षांच्या आत नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे करायचा. त्याला मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे.

‘तशाच स्वरूपाचं काम’ कसं ओळखायचं, हे १९८७ च्या मुंबईतल्या खटल्यातून आलं: मॅकिनन मॅकेंझी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा. कंपनीने महिला स्टेनोग्राफरांना वेगळ्या, कमी श्रेणीत ठेवलं होतं आणि हे युनियनशी झालेल्या करारातून आलं असा बचाव केला. सर्वोच्च न्यायालयाने कामाकडे ढोबळमानाने बघायला सांगितलं, किरकोळ फरकांकडे नव्हे, आणि आर्थिक ओढगस्तीची सबबही नाकारली. मुदतीबद्दल तर गंमत अशी की रेल्वेतल्या एम. आर. गुप्ता यांच्या १९९५ च्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, चुकीच्या निश्चितीनुसार पगार मिळत राहील तोवर दर महिन्याला नवं कारण घडतं, असं म्हटलं होतं. अमेरिकेच्या न्यायालयाने बारा वर्षांनी टायटल सेव्हनपुरतं तेच नाकारलं. तो सरकारी नोकरीतला वेतननिश्चितीचा वाद होता, भेदभावाचा नव्हे, आणि २००८ च्या तरसेम सिंग निकालाने अशा प्रकरणांत थकबाकी साधारण तीन वर्षांवर आणून ठेवली. बहिणीनेही त्यामुळे तीन वर्षांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि वाढीची पत्रं आधी हाताशी घ्यावीत, आणि तुलनेचा सहकारी पुण्यातला, त्याच मालकाच्या पटावरचा आहे ना, कंत्राटदाराच्या नाही, हे तपासून बघावं.